पत्ता सगळ्यात शेवटी



आज एका साध्या वाटणाऱ्या चुकीबद्दल लिहितो आहे. ई-मेल लिहून पूर्ण व्हायच्या आधीच चुकून पाठवला जाणं. तुम्ही म्हणाल, यात लिहिण्यासारखं काय आहे? गेला अर्धा मेल, तर दुसरा पूर्ण पाठवायचा, विषय संपला. मलाही असंच वाटायचं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्याच हातून ही चूक झाली आणि माझं मत बदललं.

अकोल्यात बरीच वर्षं शिकवून मी आता अमरावतीत आहे. माझ्या वर्गात दहावीला एक मुलगा होता. गाव दर्यापूर तालुक्यात, शिक्षणासाठी अमरावतीत मामाकडे राहायचा. वडील शेतकरी. मोठा भाऊ पुण्याला नोकरीला, आणि शाळेशी पत्रव्यवहार तोच करायचा. त्याच्या कानावर धाकट्याबद्दल काहीबाही आलं होतं. त्याने मला सभ्य भाषेत मेल करून विचारलं, "सर, हे खरं आहे का?"

मी शाळा सुटल्यावर कार्यालयातल्या संगणकावर उत्तर लिहायला बसलो. पहिला परिच्छेद असा होता: "आपला मेल मिळाला. तो वर्गात मोबाईल आणतो, शिक्षकांना उलट बोलतो आणि सराव परीक्षेला बसला नाही, या तीन गोष्टींबद्दल आपण विचारले आहे. त्या संदर्भात कळवतो की मी त्याच्या सर्व विषयशिक्षकांशी बोललो." पुढच्या परिच्छेदात लिहायचं होतं, "यातली एकही गोष्ट खरी नाही." तो परिच्छेद सुरू करायला मी सवयीप्रमाणे टॅबची कळ दाबली, मग एंटर दाबलं. आणि मेल गेला.

माझ्या लक्षात यायला दोनेक मिनिटं लागली. घाईघाईने दुसरा पूर्ण मेल पाठवला आणि मी घरी निघालो. तिकडे भावाने पहिला मेल मोबाईलवर वाचला होता. "सर्व शिक्षकांशी बोललो" याचा अर्थ त्याने घेतला की तिन्ही तक्रारी खऱ्या निघाल्या. त्याने लगेच गावी वडिलांना फोन केला. दुसरा मेल त्याने रात्री उशिरा उघडला, तेव्हा वडिलांचा फोन बंद होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने वडील शाळेच्या फाटकाशी हजर. कापूस वेचणीचे दिवस. या दिवसांत मजूर मिळणं किती अवघड असतं, हे आपल्या वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. ठरलेली वेचणी मोडून ते आले होते. एवढंच म्हणाले, "सर, पोट्टं असं निघन असं वाटलं नोतं मले." मुलगा बाजूला मान खाली घालून उभा. तो म्हणाला, "सर, तुमीच त लिवलं होतं."

मी त्यांना कार्यालयात नेलं आणि दुसरा मेल दाखवला. त्यांनी सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला. वाचून झाल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "मंग हे आधी काहून नाही लिवलं, सर?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यावर विचार करता करता जे सुचलं, ते तुमच्यासमोर ठेवतो.

चूक नेमकी कुठे झाली?

आधी तांत्रिक भाग, कारण तो थोडका आहे. वर्डमध्ये लिहिताना टॅब दाबला की ओळ थोडी आत सरकते. परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घ्यायची, हे आपण मुलांनाही शिकवतो. पण संगणकावर जीमेलमध्ये मजकूर लिहिताना टॅब दाबला की निवड थेट "पाठवा" या बटणावर जाते. त्यानंतर एंटर दाबलं की मेल गेलाच. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले तरी तो जातो. मोबाईलवर तर पाठवण्याची खूण वरच असते, अंगठा लागायचा अवकाश.

पण खरी चूक टॅबची नव्हती. बोट कधी ना कधी चुकणारच. चूक ही होती की बोट चुकलं तेव्हा मेल जायला पूर्ण तयार होता. मी उत्तर देत होतो, म्हणून पत्ता आधीपासूनच भरलेला होता. घरात गॅस सुरू ठेवून काडेपेटीशी खेळायचं आणि मग काडीला दोष द्यायचा, तसं हे झालं.

कागदाच्या पत्रात ही सोय होती

जुनं पत्र आठवून बघा. माझे वडील रात्री पत्र लिहायचे, ते घड्याळाखाली दाबून ठेवायचे आणि सकाळी परत वाचून मगच पाकीट बंद करायचे. पत्ता त्यानंतर. मग चौकातल्या लाल पेटीपर्यंत चालत जायचं. लिहिणं आणि पाठवणं ही दोन वेगळी कामं होती. त्यांच्यामध्ये एक रात्र होती, डिंक होता, तिकीट होतं, चार पावलं होती. काही राहिलंच तर "ता.क." लिहून, म्हणजे ताजा कलम जोडून, शेवटी भर घालता यायची. अर्धं पत्र चुकून पेटीत पडलं, असं सहसा व्हायचं नाही.

आपल्या भाषेतच याची एक जुनी आठवण आहे. "शिक्कामोर्तब झाले" असं आपण रोज म्हणतो. मराठेशाहीतल्या राजपत्रांवर वरच्या बाजूला शिक्का असायचा आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे समाप्तीची छोटी मुद्रा. काही मुद्रांवर "लेखनसीमा" हाच शब्द कोरलेला असे. पत्र इथे संपलं, यापुढे कोणी काही वाढवू नये, असा त्याचा अर्थ. शिक्का सांगायचा पत्र कोणाचं आहे, आणि मोर्तब सांगायचं ते पूर्ण आहे.

घरगुती पत्रात हेच काम "कळावे, लोभ असावा" हे शब्द करायचे. ते वाचले की समोरच्याला समजायचं, बोलणं पूर्ण झालं. आज मुलं विचारतात, सर, हे जुनं कशाला लिहायचं? त्यांना सांगा की हे फक्त आदराचे शब्द नाहीत, ती समाप्तीची खूण आहे. माझ्या त्या मेलमध्ये "कळावे" नव्हतं. भावाला ते खटकलं असतं, तर त्याने वडिलांना फोन करण्याआधी मला केला असता. पण आपणच गेली काही वर्षं शेवट न करता मेल पाठवत आलो आहोत. मग अपूर्ण आणि पूर्ण यातला फरक समोरच्याने ओळखायचा कसा?

मराठीत "नाही" शेवटी येतं

दुसरी गोष्ट आपल्या भाषेच्या रचनेची. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी असतं आणि नकारही बहुतेक वेळा शेवटीच. "सहलीचे पैसे परत मिळणार" इथे वाक्य तुटलं तर पालक खूश होतील. पुढचा शब्द "नाहीत" असेल तर? "उद्या शाळेला सुट्टी आहे" इथे मेल गेला आणि "ही अफवा आहे" हे मागे राहिलं, तर दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा. इंग्रजीत नकार बराच आधी येतो, त्यामुळे तिथे अर्धं वाक्यसुद्धा थोडीफार दिशा देतं. आपल्याकडे अर्धं वाक्य कित्येकदा पूर्ण वाक्याच्या नेमकं उलट असतं.

यात भाषेचा दोष नाही. पण मराठीत मेल लिहिणाऱ्याने हे ओळखून लिहावं. त्या वडिलांनी मला हेच सांगितलं. जे मुख्य सांगायचं ते पहिल्या वाक्यात सांगा. "तक्रारींत तथ्य नाही, काळजी करू नका" हे पहिलं वाक्य असतं, तर माझा मेल तिथेच तुटला असता तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. आपण शिक्षक मंडळी प्रस्तावनेत रमतो. "वरील विषयास अनुसरून", "आपल्या पत्राच्या संदर्भात" करत करत उत्तर तिसऱ्या परिच्छेदात येतं. उत्तर आधी, कारणं मग. हा नियम पूर्ण मेललाही उपयोगी आहे, कारण मोबाईलवर वाचणारे कितीतरी जण पहिल्या दोन ओळींवरच थांबतात.

वर्गात आपण काय शिकवतो?

दहावीच्या मराठी कुमारभारतीत पत्रलेखन आहे. २०१८ पासूनच्या पुस्तकात त्याचं स्वरूप ई-मेलच्या वळणाचं झालं आहे. दिनांक, प्रति, मग विषय, महोदय, मजकूर, आणि पत्त्यासोबत ई-मेलचा पत्ता. बदल चांगलाच आहे. पण आपण तो शिकवतो कसा? आराखडा पाठ करून घेतो. विषय ठळक हवा, समास सोडा, गुण जातील. मूल सगळ्यात आधी "प्रति" लिहितं आणि खाली उतरत जातं.

कागदावर हा क्रम बरोबर आहे, कारण उत्तरपत्रिका कुठे उडून जात नाही. तेच मूल पुढे अकरावीला, महाविद्यालयात, नोकरीच्या अर्जात खरा मेल लिहायला बसतं तेव्हा तोच क्रम वापरतं. आधी पत्ता भरतं. म्हणजे पहिल्याच मिनिटाला बंदूक भरून ठेवतं आणि पुढचा अर्धा तास तिच्याशेजारी बसून लिहितं.

म्हणून माझं म्हणणं असं, की दिसताना पत्ता पहिला असला तरी भरताना तो सगळ्यात शेवटी भरायचा, हे पत्रलेखनाच्या धड्यातच शिकवलं गेलं पाहिजे. पाठवणं हा पत्रलेखनाचाच एक भाग आहे. त्याला परीक्षेत गुण नाहीत म्हणून आपण तो सोडून देतो.

काही शिक्षक म्हणतात, "आजच्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त येतं." बोटं त्यांची वेगवान आहेत, हे खरं. पण ती बोटं व्हॉट्सॲपवर तयार झाली आहेत. तिथे "सर", मग "उद्या", मग "येणार नाही" असे तीन तुकडे पाठवले तरी चालतं, कारण समोरचा त्याच गप्पांत असतो आणि पुढचा तुकडा लगेच येतो. शिवाय तिथे पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. मेल एकदा समोरच्याच्या पेटीत पडला की तो तसाच राहतो. कार्यालयात तो छापला जातो, फाईलला लागतो, चार जणांना पुढे जातो. तीच बोटं इथे वापरली की घोटाळा होतो.

चार सवयी

१. उलटा क्रम. आधी कागदपत्र जोडा, मग मजकूर लिहा, मग विषय, मग एकदा वाचा, आणि शेवटी पत्ता. पत्ता रिकामा असेल तर तुम्ही कोणतीही कळ दाबा, जीमेल मेल पाठवणार नाही, उलट पत्ता विचारेल. यासाठी कोणतंही ज्ञान लागत नाही, फक्त सवय लागते. कागदपत्र आधी जोडल्याने "सोबत जोडले आहे" असं लिहून काहीच न जोडण्याची चूकही टळते.

२. उत्तर देताना पत्ता काढून टाका. "उत्तर द्या" दाबलं की पत्ता आपोआप येतो. माझा घात इथेच झाला. तो आधी पुसा, उत्तर लिहून झाल्यावर परत भरा. मेल नाजूक असेल तर तो दुसरीकडे, वहीत किंवा वर्डमध्ये लिहून मग इथे आणा.

३. परत घेण्याची मुदत वाढवा. मेल पाठवल्यावर जीमेलच्या पडद्यावर खाली काही सेकंद "अनडू" असा पर्याय दिसतो. ही सोय २००९ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि २०१५ मध्ये सगळ्यांसाठी रीतसर सुरू झाली. मुदत ५, १०, २० किंवा ३० सेकंद ठेवता येते, पण आपण काही केलं नाही तर ती ५ सेकंदच असते. संगणकावर जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन ती ३० करा. इथे एक गैरसमज दूर करतो. जीमेल गेलेला मेल परत आणत नाही. तेवढे सेकंद तो मेल स्वतःकडेच थांबवून ठेवतं. मुदत संपली की मग कोणाच्याच हातात काही राहत नाही. ॲन्ड्रॉइड मोबाईलवर जीमेलच्या सेटिंगमध्ये "पाठवण्यापूर्वी विचारा" अशा अर्थाचा पर्याय आहे, तोही सुरू करून ठेवा.

४. नाजूक मेल सकाळी. तक्रार, खुलासा, मुलाच्या वागणुकीबद्दलचं पत्र, रागात लिहिलेलं काहीही, रात्री लिहिलं तरी सकाळी पाठवा. जीमेलमध्ये २०१९ पासून वेळ ठरवून मेल पाठवता येतो. सकाळी ८ ची वेळ लावली तर तोपर्यंत तो रद्द करता येतो आणि मसुद्यात परत येतो. घड्याळाखाली दाबलेलं पत्र ते हेच.

तरीही चूक झाली तर?

आधी फोन करा. मी हे केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. "माझा मेल अर्धवट गेला आहे, पूर्ण पाठवतो, तोपर्यंत त्यावरून काही ठरवू नका," एवढं सांगायला एक मिनिट लागतं. मग पूर्ण मेल नव्याने पाठवा, फक्त राहिलेला तुकडा नको. विषयातच लिहा, "आधीचा मेल अपूर्ण होता, हा ग्राह्य धरावा." आणि हा दुसरा मेल घाईत पाठवू नका. पहिली चूक झाकायच्या गडबडीत दुसरी होते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे.

वर्गात करून बघा

संगणक कक्ष नसला तरी चालतं. मी आता दरवर्षी दोन तासिकांचा हा उपक्रम घेतो.

पहिल्या तासिकेला "अर्धं पत्र". मी एक पत्र मध्येच तोडून वाचतो आणि मुलं लिहितात की मिळालेल्या माणसाला काय वाटेल, तो काय करेल. मग उरलेला भाग वाचतो. मुलं आधी हसतात. मग एखादं पत्र असं निघतं की हसू थांबतं.

दुसऱ्या तासिकेला जोड्या. प्रत्येकाला एक कोरा कागद आणि एक पाकीट. पत्र लिहायचं, जोडीदाराला वाचायला द्यायचं. जोडीदाराने शेवटी "पूर्ण आहे" असं लिहून सही केली, की मगच पाकिटावर पत्ता घालायचा. ही सही म्हणजे आमचं मोर्तब. मुलांना हा शब्द फार आवडतो. "सर, माझ्यावर मोर्तब झालं नाही अजून," म्हणत फिरतात.

पालकांनी घरी एवढंच करावं. मुलगा किंवा मुलगी प्रवेशासाठी, शिष्यवृत्तीसाठी मेल लिहीत असेल तर "झालं का, पाठव लवकर" म्हणू नका. "मला एकदा वाचून दाखव" म्हणा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. मोठ्याने वाचताना तुटलेलं वाक्य मुलालाच ऐकू येतं.

थोडं आपल्या घाईबद्दलही

शेवटी एक कबुली आपण सगळ्यांनी द्यायला हवी. मुलांना आपण सावकाशपणा शिकवायचा आणि आपल्याला मात्र दुपारी ३ वाजता निरोप येतो, "माहिती आजच ५ वाजेपर्यंत मेल करा." तक्ता अर्धा भरलेला असतो, तासिका सुरू असते, नेट जात-येत असतं. अशा वेळी अर्धवट मेल जाणं ही एकट्या शिक्षकाची चूक नसते. मुदत ठरवणाऱ्यांनीही विचार करावा, की दोन तासांत आलेली चुकीची माहिती बरी की दोन दिवसांत आलेली बरोबर माहिती बरी. जिथे आपल्या हातात आहे, तिथे आपण मुलांना आणि पालकांना पुरेसा वेळ देऊ. एवढं तरी आपण ठरवू शकतो.

तो मुलगा दहावी झाला, आता अकरावीला आहे. त्या सकाळी त्याच्या वडिलांनी निघताना त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही न बोलता फाटकाकडे गेले. त्यांचा वेचणीचा दिवस मी भरून देऊ शकलो नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र माझ्या टेबलाच्या काचेखाली कागदावर लिहून ठेवला आहे. मेल लिहायला बसलो की आधी तो वाचतो, मग लिहितो, आणि पत्ता सगळ्यात शेवटी घालतो.

कळावे, लोभ असावा.